मलप्पाचा हात

लातूरच्या अमृतराव आप्पांचा फोन आला आणि संघपालला इतका आनंद झाला, की त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याला फुकटचा चहा पाजला. होईल नाही तर काय! एवढा मोठा डाळीचा व्यापारी, गावातला मलप्पा मिस्तरी सोडून नांदेडच्या लातूर फाट्यावरचा गाड्यांचा वायरिंगवाला बोलावतो, ही काय लहानसहान गोष्ट झाली?

"जपानहून आलेली गाडी घेऊन राहिलो," आप्पा फोनवर म्हणाले. "इकणारा म्हणतो, सगळं कंपनीचं हाय, बाहेरचं काईच न्हाई. पर गाडी महिनाभर मलप्पाच्या गॅरेजात हुती. त्यानं काय बसवलं तेवढं पकडून दे. पकडलंस तर घरच्या सहाही गाड्यांचं काम तुझ्याकडं."

सहा गाड्यांचं सोडा हो. मलप्पाचं काम पकडायचं, या नुसत्या कल्पनेनंच संघपालचं पोट भरलं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली नांदेडात शिकलेले. पण उस्ताद भारी गाडीचा डॅशबोर्ड उघडायला मलप्पाला बसवायचे आणि संघपालच्या हातात हॉर्न नाही तर बल्ब द्यायचे. पंचवीस वर्षं झाली, तरी लातूरचं कुणी गिऱ्हाईक "आमचा मलप्पा" म्हणालं की याचा घास घशात अडकायचा. बायको दिपाली म्हणायची, "त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मारलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. त्यानं काही वाकडं केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघपाल लातुरात आप्पांच्या बंगल्यासमोर हजर. गाडी मोत्यासारखी पांढरी. दाराच्या कडेला जपानी अक्षरांचे स्टिकर, आणि किल्ली फिरवली की आतून एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी बोलायची. आप्पांच्या आई, गौरम्मा, ओट्यावरून तिला "हो बाई, हो" म्हणून उत्तर देत होत्या.

कंपनीनं गाडीत काय काय बसवलं, त्याची यादी संघपालनं मोबाईलवर बघितली नाही. यादीला काय कळतंय, बोटांना कळतं, असा त्याचा खाक्या. कंपनीची वायर कापडी टेपमध्ये गुंडाळलेली असते, ठरलेल्या क्लिपांत बसलेली असते. कंपनीनं पाडलेल्या भोकाच्या कडेलाही रंग पोचलेला असतो. बाहेरच्यानं ड्रिल मारलं की कड बोटाला टोचते आणि तिथं गंज धरतो.

डिकीवरचा पंखासारखा स्पॉयलर बाहेरचा निघाला, पण त्याचे बोल्ट जपानी होते. सायलेन्सरही तिकडंच बदललेला. मलप्पाचा हात काही सापडेना. मग तो बंपरखाली आडवा झाला आणि ओरडलाच, "सापडला!" बंपरमधल्या धुक्याच्या पिवळ्या दिव्यांच्या वायरी नुसत्या पिळून काळी टेप मारली होती. "आप्पा, हा बघा तुमचा मलप्पा! असलं काम तर माझ्याकडं पहिल्या दिवशीचं पोरगंबी करणार न्हाई."

"आन् हे?" आप्पांनी आतलं बटण दाबलं. दोन्ही बाजूचे आरसे अलगद मिटले.

संघपालनं दाराचं अस्तर थोडं सोडवून आत बॅटरीचा उजेड मारला. कापडी टेप, क्लिपा, सगळं जागच्या जागी. "हे कंपनीचं. डोळे झाकून घ्या. असं काम आपल्याकडं कुणाच्या बापाला जमायचं न्हाई."

आप्पा घरात गेले, तेवढ्यात फाटकातून स्कूटरवर मलप्पा आला. संघपाल आल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणे, म्हणून दुकान टाकून पळत आलेला. येताना गरम भजी घेऊन!

"आरे संघ्या, कळवायचं तर गड्या! दिव्यांचा तो घोळ बघितलास का? हैदराबादच्या कुणीतरी करून ठेवलाय, मला तर हात लावायचीबी किळस आली. पर आरसे बघितलेस? ते म्या बसवले. या मॉडेलला कंपनीनं दिलेच न्हाईत." त्यानं स्क्रूड्रायव्हरनं आरशांचं बटण उचकटून उलटं केलं. मागं इथल्याच एका कारखान्याचा शिक्का होता.

संघपालचं डोकं सणकलं. पण दुसऱ्याच क्षणाला त्याला वाटलं, अरे, पकडला की! हेच तर पकडायला बोलावलंय मला. मलप्पाला तिथंच भजी धरून उभा ठेवून तो तरातरा घरात गेला.

"आप्पा, आरसे बाहेरचे हायत! मलप्पानंच बसवलेत, त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं. इकणाऱ्यानं तुम्हाला फसवलं, आन् ह्यानं त्याला मदत केली!"

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "मघा तर डोळे झाकून घ्या म्हणलास."

"फसलो. ओळखूच आलं न्हाई."

"नांदेडाहून बोलावलेल्या मिस्तऱ्याला ओळखू आलं न्हाई?" आप्पा सोफ्यावर टेकून मोठ्यानं हसले. "मंग बाबा, सहाही गाड्या त्याच्याचकडं द्यायला पाहिजेत. आन् त्यानं लपवलं कुठं, सांगितलं की तुला. तुझी आजची मजुरी घेऊन जा, त्याला आत पाठव."

संघपाल बाहेर आला. त्याचं तोंड कडू झालं होतं. स्वतःच्याच जिभेनं केलं होतं सगळं, दुसऱ्या कुणाला शिव्या घालणार! मलप्पा अजून तसाच उभा होता, भज्यांचा कागद तेलानं पारदर्शक झालेला.

"आप्पा बोलवून राहिले," संघपाल म्हणाला. "सहा गाड्या मिळाल्या तुला."

मलप्पानं ते ऐकलंच नाही. त्याचं लक्ष भलतीकडंच होतं. "संघ्या, खरं सांग. तुला आरसे कंपनीचे वाटले?"

"वाटले," संघपाल म्हणाला. "म्हणून तर जळून राहिलो."