बघून घेतलेलं खत

नेवाशात भागीरथीबाईंच्या परसातला उकिरडा नाव घ्यावं असा होता. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी परसदार झाडायचं आणि सगळं त्या खड्ड्यात लोटायचं, हा त्यांचा नेम. त्यात जायचं तरी काय? दोन शेळ्यांच्या लेंड्या, चुलीतली राख, भाजीची देठं, उष्ट्या पत्रावळी. लुगडं फाटलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याच्याही चिंध्या झाल्या की त्या शेवटी तिथंच. वर्षानं खड्डा उपसावा, तर काळंभोर, भुसभुशीत खत.

हे खत वीस वर्षं एकाच माणसाकडं जायचं. प्रवरेच्या काठी दिलावरचे रोपांचे वाफे होते. वांग्या-मिरच्यांची त्याची रोपं शेतकरी लांबून येऊन न्यायचे. वैशाखात तो बैलगाडी घेऊन यायचा आणि बदल्यात भागीरथीबाईंच्या घरी वर्षभर भाजी पोचायची. "आक्काच्या खतात बघायचं काय," म्हणायचा आणि थेट गाडीत भरायचा.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये मात्र तो अवेळी आला, तोही पायी. भागीरथीबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"ये रे भाऊ. वृषाली, च्या टाक गं."

"च्या नगं, आक्का." दिलावरनं मूठ उघडली. तिच्यात वांग्याचं बोटभर रोप होतं, मूळ आडवं वळलेलं, आणि चुरगळलेली निळी कॅरीबॅग. "बी टाकून तीन आठवडं झालं. निम्मं उगवलंच न्हाई. खाली हात घातला तर ह्ये. पाटीभर निघाल्या."

"आमच्या खतातून?"

"दुसऱ्या कुनाचं घेतोय व्हय मी? गेल्या साली बी दहाबारा निघाल्या हुत्या. बोललो न्हाई. म्हनलं, आक्काला वाईट वाटंल." तो खाली बघतच म्हणाला, "आठ दिसांत परत बी पडलं न्हाई तर माझा हंगाम गेला. आता दुसरीकडनं खत बघतो. राग मानू नका."

तो गेला आणि भागीरथीबाई सुनेवर घसरल्या. "किती येळा सांगितलं, बाजारला जाताना घरची पिशवी ने! बालवाडीत पोरांना शिकवती, आन् घरात ह्यो कचरा आनती!"

वृषालीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणते मी, आत्या. पण टाकतं कोण? मी घड्या घालून ठेवते, तुम्ही सकाळी झाडून नेता. एकदा म्हटलं होतं मी. तर तुम्हीच म्हणालात, उकिरड्याच्या पोटात सगळं जिरतं."

म्हणाल्या होत्या खऱ्या. भागीरथीबाई खोरं घेऊन खड्ड्याकडं गेल्या. दिलावरनं नेऊन उरलेलं निम्मं खत तिथं होतं. चार वेळा खोरं मारलं, तर पेढ्यांची पिशवी वर आली. सम्राटच्या, नातवाच्या, बारशाची. पोरगा आता अंगणभर पळत होता आणि पिशवीवरचं दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं. त्याच दिवशीच्या पत्रावळींचा मागमूस नव्हता. माती खात नाही अशी वस्तू आपल्या हातून तिच्यात जाईल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या बन्सी गवंड्याकडून वाळूची चाळण मागून आणली आणि बसल्या चाळत. कुडापलीकडून शेजारच्या छबूबाईनं विचारलंच, "काय वो, उकिरड्यात सोनं हरावलं काय?"

"सोनं न्हाई, नाव हरावलंय. ये, धर एक बाजू."

छबूबाई हसत आली आणि दुपारपर्यंत बसली. बालवाडीतून आल्यावर वृषालीनं पदर खोचला. पहिल्या मूठभर पिशव्या भागीरथीबाईंनी चुलीत घातल्या, तर असा धूर झाला की सम्राट खोकून लाल झाला. मग सगळ्या पोत्यात भरल्या. भंगारवाल्यानं पोतं उचलून बघितलं आणि परत ठेवलं. "मातीनं भरल्यात, आज्जी. कोन घेनार?" पोती दोन झाली आणि भिंतीला टेकून राहिली. रात्री वृषालीनं जुन्या सतरंजीच्या तीन पिशव्या शिवल्या आणि दाराच्या खुंटीला अडकवल्या.

सहाव्या दिवशी भागीरथीबाई डोक्यावर घमेलं घेऊन नदीकाठी गेल्या. दिलावरला मनासारखं खत मिळालं नव्हतं. दोन वाफे कसेबसे पेरले होते, तिसरा मोकळाच होता. तो लगबगीनं पुढं आला. "तुमी कशाला आलात? निरोप धाडायचा." घमेलं उतरवून तो वाफ्यात ओतणारच होता.

"थांब. आधी बघून घे."

"आता काय बघायचं, आक्का."

"बघ म्हनते ना."

दिलावरनं मनगटापर्यंत हात घातला. घेण्याआधी, वीस वर्षांत पहिल्यांदा. भागीरथीबाई नदीकडं बघत राहिल्या. त्यानं खत चाळवलं, मुठीनं दाबून बघितलं आणि नखाएवढा निळा तुकडा बाहेर काढला.

त्यांचा चेहरा उतरला. "दे इकडं. परत चाळते सगळं."

"ऱ्हाऊ द्या." त्यानं तुकडा बांधावर दगडाखाली ठेवला आणि खत मोकळ्या वाफ्यात पसरलं. "ह्या वाफ्याला आनखी चार घमेली लागतील. पन बघून घेईन हां मी."

"बघूनच घे," भागीरथीबाई म्हणाल्या.

रिकामं घमेलं आणि डोक्यावरची चुंबळ काखेत मारून त्या वाटेला लागल्या. ऊन उतरायला अजून वेळ होता. तोवर चार घमेली पुन्हा चाळून होणार होती.