ब्रेकमामांच्या डोक्यातला फुगा

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ब्रेकमामा म्हणत. शिकणाऱ्याने कितीही घोळ घातला, तरी आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबून ते म्हणायचे, "घाई कसली? यमाने कुठे बोलावलंय!"

त्या सकाळी एक नर्सरीची शिक्षिका गाडी शिकत होती. वळणावर गाडी गचकन थांबली. तिने वळून पाहिलं, तर मामांनी डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

"डोक्यात कुणी घण घातला गं," एवढंच बोलून त्यांनी दार उघडलं आणि ते भडाभडा ओकले.

मामी हॉस्पिटलमध्ये पोहोचल्या तेव्हा मामा शुद्धीवर होते, पण उजेड सोसत नव्हता आणि मान लाकडासारखी झाली होती. स्कॅन पाहून डॉक्टरीण म्हणाली, "मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटलाय. आत्ता गुठळीने भोक बुजलंय. पुन्हा फुटला, तर हाताबाहेर जाईल."

"कवटी उघडणार?" मामींनी विचारलं.

"नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊ आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरू. मग आत रक्त शिरणार नाही."

स्ट्रेचरवरून मामा पुटपुटले, "तुला साधी अंगठी केली नाही, आणि माझ्या डोक्यात प्लॅटिनम!"

काम फत्ते झालं. मामांची बहीण नातेवाइकांना फोन करत सुटली, "वाचलो बाई!" डॉक्टरीण मात्र हसली नाही.

"फुगा बंद झालाय, पण सांडलेलं रक्त आतच आहे. त्याने आजूबाजूच्या वाहिन्या आकसतात. पुढचे काही दिवस वाईट. जरा काही वेगळं वाटलं, की लगेच सांगा."

मामी खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच. मामा बरे दिसत होते. सूपला नावं ठेवत होते, नर्सला गिअर समजावत होते. मग एका दुपारी मामी सहज म्हणाल्या, "तुमच्याविना गावभर गाड्या ठोकताहेत म्हणे."

"हो," मामा म्हणाले. बस्स, एवढंच.

"थकलाय गं वहिनी. झोपू दे त्याला," नणंद म्हणाली.

"नाही वन्सं. हे असं नुसतं 'हो' म्हणत नाहीत कधी." मामी वाकल्या. "अहो, मी कोण?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "ती... ती..."

मामी ओरडल्या तशी नर्स धावत आली. तिने मामांना दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा तसाच राहिला. उजवा हळूहळू खाली आला.

त्यांना पुन्हा आत नेलं. त्याच वाटेने नळी घालून आकसलेल्या वाहिनीत औषध सोडलं. बाहेर दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. वाहिनी उघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आकसली, पुन्हा उघडावी लागली.

मामा जगले. बोलणं अडखळत परतलं. उजव्या हाताची बोटं मात्र शर्टाच्या बटणाशी हरली, आणि शिकवायची गाडी एका तरुण मास्तराने नेली.

काही महिन्यांनी तपासणीचा स्कॅन झाला. डॉक्टरीण पडद्यासमोर जरा जास्तच वेळ बसली.

"तार जागेवर आहे. पण दुसऱ्या बाजूला एक बारीकसा फुगा आहे. आत्ता हात लावण्याएवढा नाही."

"मग?" मामांनी विचारलं.

"लक्ष ठेवायचं."

घरी आल्यावर मामा दुपारचे झोपले. मामी भाजी चिरत होत्या. मधूनच सुरी थांबवून त्या आतल्या खोलीतला श्वास ऐकायच्या, आणि तो ऐकू आला, की पुन्हा चिरायला लागायच्या.