बाटलीवरच्या बारा खुणा

पंचावन्न सालच्या मार्चअखेर ठाण्यातल्या एका रंगाच्या कारखान्याने आपला दवाखाना बंद केला. गेटवर नोटीस लागली : कामगारांना आता सरकारी विम्याचे कार्ड मिळाले आहे, सबब कंपनीच्या दवाखान्याची गरज उरलेली नाही. त्या दवाखान्यात कामगारांच्या बायकामुलांनाही औषध मिळत असे. कार्ड फक्त कामगारापुरते होते. नोटिशीत याचा उल्लेख नव्हता.

कोपरीचा काळुराम याच कारखान्यात होता. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी त्याची चार वर्षांची शालू खोकून खोकून निळी पडली. काळुराम विमा दवाखान्यात गेला आणि पोरीचा खोकला स्वतःचा म्हणून सांगितला : कोरडा आहे, उबळ येते, झोप नाही. रांगेत सत्तर जण होते. डॉक्टर प्रभाकरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि औषध लिहून दिले. कंपाउंडरने बाटली भरून तिला कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर सहा खुणा होत्या, प्रत्येक खुणेला एक डोस.

घरी त्याची बायको कमळाबाई हिने ती पट्टी सोलली आणि दुसरी कापून लावली, बारा खुणांची. बापाच्या डोसाचा अर्धा पोरीला.

बुधवारी खोकला थांबला. शालू शांत झोपली. "उतार परला," कमळाबाईने शेजारणीला सांगितले.

गुरुवारी सकाळी शालू उठेना. कमळाबाईने तिला खांद्यावर टाकले, कार्ड आणि बाटली घेतली आणि विमा दवाखाना गाठला.

खिडकीतला कारकून म्हणाला, "हे काळुरामचं कार्ड. काळुराम कुठाय?"

"कामाव. आजारी पोर हाय."

"पोरीचा विमा नाही, बाई. मोठ्या इस्पितळात न्या."

कमळाबाई त्याला ओलांडून आत गेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर बाटली ठेवली. डॉक्टरांनी पट्टीवरच्या खुणा मोजल्या.

"हे हिला पाजलंत?"

"अर्धा अर्धा. दिसातना तीनदा."

"यात अफू असते. लहान मुलाला थेंबभरसुद्धा चालत नाही."

"मना कोनी सांगाचा होता?"

डॉक्टरांनी शालूची पापणी उघडून बघितली.

"ह्या पोरीच्या बापाला खोकला नवता, डाक्तर. तुमी नली लावलीव, तरी तुमाला खोकला गावला. कंपनीतला डाक्तर पोरीला बघून औषध द्याचा. त्याला तुमी घालवलाव, नि आता बोलता विमा नाय."

डॉक्टरांनी शालूला उचलले आणि कारकुनाला टांगा आणायला सांगितला. रांग तशीच उभी राहिली.

शालू आठव्या दिवशी इस्पितळातून घरी आली. दहाव्या दिवशी काळुरामला विमा कार्यालयाचे पत्र आले : खोटे आजारपण सांगून औषध घेतले, तरी खुलासा करावा.

"माफी लिवून देतो," काळुराम म्हणाला. "संपला."

"पोरीचा नाव हाय त्या कागदाव?"

"नाय."

"बाटलीचा?"

"नाय."

"मंग माफी कशाची? शालूचा नाव पयला लिवा. काय पाजला, कोनी दिला, समदा लिवा."

"नोकरी जाईल, अगं."

"जाव दे. मी मिठागराव जाईन."

काळुरामने कोरा कागद पुढे ओढला. कमळाबाईने फळीवरची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. तिने ती धुतली होती, पण पट्टी भिजू दिली नव्हती.

मग त्याने लिहिले : शालू काळुराम, वय चार.