सुकडीची पंगत

"लुगडं नेसून बारक्या पोरांच्यात बसलीस? ऊठ की."

मुकादम बसलिंगप्पाचा आवाज आला तशी नागव्वाच्या हातातली हातोडी थांबली. लिंबाखाली कामावरल्या बायांची पोरं रांगेनं बसली होती. त्यांच्या मधोमध तिची रुद्राणी, धाकट्या शिवपुत्राला मांडीवर घेऊन, ओंजळ पुढं करून बसलेली.

बहात्तर सालचा दुष्काळ. अक्कलकोटच्या खालच्या अंगाला ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, विहिरी आटल्या, आणि सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. कायदा चांगलाच होता. लहान पोरांना कामावर घ्यायचं नाही, उलट तिथंच बसवून त्यांना सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं कोरडं पीठ, खाऊ घालायची. पण कायदा करणाऱ्यानं नागव्वाची चूल थोडीच पाहिली होती. नवरा वारलेला, एकटीच्या मजुरीत भागेना. मग तिनं बारा वर्षांच्या रुद्राणीला आपलं जुनं लुगडं नेसवलं आणि बेधडक सांगितलं, "अठराची हाय, नुसती अंगानं बारीक." बसलिंगप्पानं डोळ्यांवर कातडं ओढलं आणि पोरीला आईशेजारी बसून खडी फोडायचं हलकं काम दिलं. टोळीतल्या बायांनाही सगळं ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? निम्म्या जणींनी तेच केलं होतं.

आज सुकडीची गाडी पहिल्यांदाच आली होती. गुळाचा वास नाकात गेला आणि आपण मोठी बाई आहोत हे पोर साफ विसरली.

गाडीबरोबर आलेला साहेब नागव्वाकडं वळला. माणूस वाईट नव्हता.

"मावशी, मुलगी लहान असेल तर खुशाल खाऊ द्या. रोज मिळेल. फक्त उद्यापासून तिला कामावर आणायचं नाही."

शेजारची चंद्रव्वा हळूच म्हणाली, "सांग की गं, ल्हान हाय म्हणून. पोटभर खाईल तरी."

"ती खाईल. आन् आमी घरात काय खायाचं?"

नागव्वा उठली, तरातरा लिंबाखाली गेली आणि तिनं पोरीचा दंड धरला.

"लाज न्हाय वाटत? एवढी घोडी झालीस, बारक्यांच्या तोंडचं खातीस व्हय?"

"अव्वा, मला लई भूक लागलीया."

"मोठ्या मान्साला भूक मारता येती. ऊठ."

रुद्राणीनं ओंजळीतली सुकडी शिवपुत्राच्या हातात दिली, बोटंसुद्धा चाटली नाहीत, आणि लुगडं सावरत उभी राहिली. अगदी बाईमाणसासारखी.

साहेबाचं समाधान झालं. "मोठीच आहे तर मग बसून खडी काय फोडतेय? मुकादम, घमेली वाहायला बाया कमी पडतात म्हणत होता ना?"

बसलिंगप्पाची मान खाली गेली. खरं बोलावं तर त्याचीच नोकरी जाणार.

"घमेलं उचलंल का गं ही?" त्यानं नागव्वाला विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

पलीकडं खडीनं भरलेली घमेली डोक्यावर घेऊन बाया भराव चढत होत्या. नागव्वानं तिकडं पाहिलं, मग पोरीच्या मानेकडं पाहिलं.

"व्हय की," ती म्हणाली. "उचलंल."