फाटल्या कोपऱ्यांची मते

शेलूला मुलाच्या बिऱ्हाडी राहायला आल्यापासून पारूबाई रोजचे वर्तमानपत्र नेटाने वाचते. पंचाऐंशी साली विधानसभेचे निकाल लागले, त्या सकाळी तिने पान उघडले आणि विजयी उमेदवारांची नावे ओलांडून तिचे बोट थेट बाद मतांच्या आकड्यावर जाऊन थांबले.

"आई, निवडून कोण आलं ते तरी बघ आधी," मुलगा हसून म्हणाला.

"आलं असंल कुणीतरी. एवढी माणसं उन्हात उभी राहिली नि त्यांचं मत कुणी धरलंच नाय, त्यांचं काय?"

तिचे मन केव्हाच अठरा वर्षे मागे, खोपोलीच्या कागद कारखान्यातल्या सॉर्टिंगच्या दालनात जाऊन पोचले होते.

ते दालन आठवले की तिला आधी तिथला उजेड आठवतो. उत्तरेची सबंध भिंत काचेची होती, आणि ऊन आत न येता नुसता लख्ख, थंड प्रकाश लांबलचक टेबलांवर पसरत असे. काचेला नाक लावले तर घाटाच्या अंगावरून वीजघराकडे उतरणारे पाण्याचे नळही दिसत. पण नाक लावायला सवड कुणाला होती? अडतीस बाया त्या टेबलांशी आठ आठ तास उभ्या राहून कागद पारखीत. ताव उचलायचा, उजेडात धरायचा, उलटायचा. चांगला असेल तर उजवीकडे, आणि तेलाचा, गंजाचा, शाईचा बारीकसा जरी डाग दिसला, तर वरचा कोपरा चिमटीत धरून टर्रकन फाडायचा आणि ताव डावीकडे टाकायचा. डागी ताव चुकून चांगल्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून ही रीत होती. कोपरा फाटलेला ताव म्हणजे बाद. तो पुन्हा लगद्याच्या हौदात. नवी बाई महिनाभर विचार करून कोपरा फाडी. मग डोळ्याने पाहिले की बोटे आपोआप फाडीत. मध्ये डोक्याचे काम उरत नसे. पलीकडच्या कोपऱ्यात आणखी सोळा बाया पारखलेल्या कागदाची रिमे बांधीत. त्यांना डाग पाहण्याशी कर्तव्य नव्हते.

दिवस मोठे कष्टाचे होते. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळे आणि त्याची भाकरी थापताना तुटे. तरीही जेवणाच्या सुट्टीत चोपन्न जणींच्या हसण्याने दालन दणाणून जाई, आणि त्या हसण्याची सर पुढे कशालाच आली नाही, असे पारूबाईला आजही वाटते.

उभे राहण्याचे दुखणे मात्र सगळ्यांचे एकच होते. संध्याकाळी पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत. त्या वर्षी सुंदराला सातवा महिना होता. तिच्या पावलांना इतकी सूज चढे की घरी जाताना चपला हातात घ्याव्या लागत. मशीनखात्यातला हिरामण कायद्याची पुस्तके वाचणारा गडी. तो एकदा सांगून गेला होता, "उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, असं कायद्यात छापलेलं हाय. पन मागणार कोन?"

मागण्याची जागा एकच होती, ती म्हणजे मालक आणि कामगार यांची वर्क्स कमिटी. सदुसष्ट साली देशाची मोठी निवडणूक उरकल्यावर कमिटीचीही निवडणूक लागली आणि प्रथमच बायांसाठी एक जागा ठेवण्यात आली. पारूबाईने अर्ज भरला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीत जो वर्ग सुरू झाला, त्यात ती अक्षरे शिकली होती; अर्जावर तिने स्वतः सही केली आणि मागणी एकच सांगितली: पारखणाऱ्या प्रत्येक बाईला एक स्टूल.

दालनाचा मुकादम रामभाऊ याला हे रुचले नाही. बसली की बाई पेंगते, हे त्याचे ठाम मत होते. त्याने आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला, बायजाला, पारूबाईच्या समोर उभे केले. बायजा पारखणाऱ्यांतलीच होती. हाताने चपळ, तोंडाने मुकी. उभे राहण्याविषयी तिला कुणी विचारले नव्हते आणि नको म्हणण्याची तिच्या घरात पद्धत नव्हती.

"काय गं बायजे, निवडून आल्यावर काय करशील?" सुंदराने तिला डिवचले.

"भावोजी सांगतील ते," बायजा म्हणाली, आणि दालन हसले.

"मग भावोजीलाच लुगडं नेसव की! जागा बायांची हाय म्हनं!"

रिमे बांधणाऱ्या बाया रामभाऊच्या टेबलासमोरच काम करीत, आणि त्यांच्यातल्या काही जणी तर पारूबाईच्या माठातले पाणीही घेत नसत. त्यांतली निम्मीअधिक मते बायजाची, हे उघड होते. पण पारखणाऱ्या अडतीस होत्या, आणि पारूबाईने आकडा जुळवून ठेवला होता. तिने आणखी एक दक्षता घेतली. मतदान गेटावर ठेवले, तर सुट्टी होताच कर्जतकडची गाडी गाठणाऱ्या बाया थांबणार नाहीत. म्हणून ती लेबर ऑफिसर देवस्थळी यांच्याकडे गेली आणि मतदान दालनातच, कामाच्या वेळात घेण्याचे तिने मान्य करून घेतले. देवस्थळी नियमाचे काटेकोर गृहस्थ. त्यांना ही सूचना रास्त वाटली. मतपत्रिका त्यांनी कारखान्याच्याच कागदावर छापून घेतल्या. पारूबाईला कंदील, बायजाला घागर. रबरी शिक्का चिन्हावर मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. शिक्क्याखेरीज कसलीही खूण पत्रिकेवर दिसली, तर मत बाद. हे त्यांनी तीनदा समजावून सांगितले आणि तिन्ही वेळा बायांनी माना डोलावल्या.

मतदान सुरळीत पार पडले. एकेक जण टेबलावरून निघे, पडद्याआड जाई, पेटीत पत्रिका टाकी आणि परतून पुढचा ताव उचली. तासाभरात सगळे आटोपले.

पेटी रिकामी केली तेव्हा देवस्थळींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चोपन्न पत्रिकांपैकी अडतीस पत्रिकांचा कोपरा फाटलेला होता.

क्षणभर कुणाला काही उमगले नाही. मग सगळ्यांना एकदमच उमगले. शिक्क्याची शाई ओली होती. पारखण्याच्या सवयीने घडी उघडून पाहावी, तर शाई समोरच्या कोऱ्या भागावर उमटलेली. ओळखीचा कागद, ओळखीचा उजेड, त्यावर डाग, आणि वर्षानुवर्षांच्या शिस्तीने बोटांनी आपले काम केले. पारूबाईने स्वतःच्या चिमटीकडे पाहिले. अडतिसांत ती स्वतःही होती; आपण कोपरा केव्हा फाडला, हे काही केल्या तिला आठवेना.

पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायांचे हसू, साहेब बोलू लागताच, मावळले.

"कोरे कोपरे असलेल्या सोळा," देवस्थळी म्हणाले. "घागर नऊ, कंदील सात. उरलेल्या पत्रिकांवर खूण आहे. नियमाने त्या बाद."

"बरोबर हाय साहेब," रामभाऊ पुढे झाला. "आमच्या खात्यात फाटला कोपरा म्हंजे बादच. यांनी आपल्याच हातानं बाद केलीत."

"असं कसं?" पारूबाई उसळली. "साहेब, खूण नको, असा नियम कशाला केलाय? कुणी कुणाला मत दिलं ते कळू नये म्हनून ना? मंग एकीनं फाडला असता तर ती वळखली असती. हितं समद्यांनीच फाडलाय. गर्दीत कोन वळखायला येतंय? ज्या खुणेनं कुणी वळखत नाय, ती खूण कसली?"

युक्तिवाद बिनतोड होता. देवस्थळींनी कानावरचे केस ओढले. ही त्यांची पेचात सापडल्याची सवय. शेवटी ते म्हणाले, "असं करू. आधी या उघडून पाहू. निकाल फिरतच नसेल तर वादाचं कारण उरत नाही. फिरत असेल, तर मला विचार करावा लागेल."

"उघडा की," रामभाऊ ऐटीत म्हणाला. "आमची बी निघतील त्यात. घरचं मत तर हायच."

देवस्थळी एकेक पत्रिका उलगडू लागले. कंदील. कंदील. कंदील. दहावीपर्यंत सुंदरा मोठ्याने मोजत होती. पंधरावीला रामभाऊचा चेहरा कडक झाला. विसावी कंदील. पारूबाईला आता हर्ष आवरेना. स्टुले तिला डोळ्यांपुढे दिसू लागली. चोविसावी, पंचविसावी, सव्विसावी. कंदील. त्याच आनंदात तिने सहज मान वळवली, आणि तिची दृष्टी बायजावर गेली.

बायजा खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा कोऱ्या तावासारखा पांढरा झाला होता, आणि तिची नजर पत्रिकांवर नव्हती. ती रामभाऊच्या पाठीवर खिळली होती.

अडतीस पारखणाऱ्यांत बायजा होती. अडतीसच्या अडतीस पत्रिका कंदिलाच्या निघाल्या, तर बायजाने स्वतःला सोडून पारूबाईला मत दिले, हे साऱ्या दालनाला कळणार. आणि संध्याकाळी बायजाला रामभाऊच्याच उंबऱ्याआत जायचे होते. ज्या खुणेने कुणी ओळखत नाही म्हणून आपण भांडलो, त्या खुणेने आता एकच बाई ओळखली जाणार होती.

"साहेब, थांबा," ती म्हणाली.

देवस्थळींचा हात सत्ताविसाव्या पत्रिकेवर थांबला.

"उघडू नका. नियम बरोबर हाय. माझी चूक झाली. बाद म्हंजे बाद."

"अहो, पण तुमच्याच बाजूनं..."

"माझी तक्रार मी मागं घेते. लिवून देते पायजे तर."

आणि तिने खरोखरच लिहून दिले. अक्षर वाकडे आले, पण मजकूर स्पष्ट होता. उरलेल्या बारा पत्रिका न उघडता पाकिटात गेल्या, पाकिटाला लाख लागली, आणि नऊ मते मिळवून बायजा निवडून आली.

त्यानंतरच्या दीड महिन्याइतका एकाकी काळ पारूबाईने पुढे कधी अनुभवला नाही. सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसेना. "साहेबाचा चष्मा बघूनच भ्याली," एकजण म्हणे. "भ्याली कसली? मुकादमानं काय कबूल केलंय ते इचारा," दुसरी म्हणे. सुंदराने तर तोंडावर विचारले, "माझे पाय बघ पारू, नि मंग सांग, का सोडलंस?" पारूबाईने तिच्या पायांकडे पाहिले आणि काहीच सांगितले नाही. सांगता येण्यासारखे होतेच कुठे? एकीला सांगितले असते, तर संध्याकाळपर्यंत ते चोपन्न जणींचे झाले असते. सुंदरा महिन्याभराने रजेवर गेली ती न बोलताच.

कमिटीची पहिली बैठक झाली त्या संध्याकाळी शिळफाट्याच्या चहाच्या दुकानाशी हिरामणने तिला हाक मारली. तोही कमिटीवर निवडून आला होता.

"पारूबाय, तुमच्या बायजेनं आज कमाल केली! अकरा बाप्ये खुर्च्यांवर, नि ही आपली दाराशी उभी. मॅनेजरसाहेब म्हनाले, बाई, बसून घ्या. तर म्हनते कशी, 'आठ तास उभं ऱ्हायची सवय हाय साहेब, सांगायचं ते बी उभ्यानंच सांगते.' नि सांगितलं की स्टुलांचं! अडतीस म्हनून आकडा बी दिला. साहेबाला नाय म्हनता येईना, कायदाच हाय ना तसा."

"नि रामभाऊ?"

"त्यो कुठं कमिटीवर हाय? भाईर व्हरांड्यात फेऱ्या मारीत व्हता."

चहा अर्धवट टाकून पारूबाई घराच्या वाटेला लागली. हिरामणला वाटले, हिला मत्सर वाटला असावा.

दिवाळीच्या सुमारास स्टुले आली. पहिले आठ दिवस फजितीच झाली, कारण टेबले उभ्याने काम करण्याच्या उंचीची होती आणि बसल्यावर हात पोचेनात. अखेर सुताराला बोलावून टेबलांचे पाय टीचभर कापावे लागले. सुंदरा बाळंतपणानंतर परतली, तेव्हा तिने स्टुलावर दोनदा बसून पाहिले, तिसऱ्यांदा बसली आणि रडू लागली. बसल्यावर कुणीही पेंगले नाही. उलट महिन्याचा कागद वाढला, आणि ती बढाई रामभाऊ पुढे आयुष्यभर मिरवीत राहिला.

बायजा आणि पारूबाई त्या विषयावर परस्परांशी कधीही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली आणि पारूबाईने पुन्हा अर्ज भरला. अर्जावर सूचकाचे नाव लागे, आणि ते नाव सर्वांनी वाचावे म्हणून अर्ज फलकावर लावला जाई. देवस्थळींनी दालनात विचारले, "सूचक कोण?"

रामभाऊ आपल्या टेबलापाशी उभा होता. बायजा स्टुलावरून उठली, सगळ्यांच्या मधून चालत आली, तिने शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि पारूबाईच्या सहीखाली तो ठळक, नीट, सावकाश उमटवला.