सगळ्यांत हलका लॅपटॉप

मला मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप हवा होता. लातुरात राहून नीटची तयारी करायची, दिवसभर लेक्चरं बघायची, तर डोळ्यांना तरी सुख नको का? पण आई एकेक लॅपटॉप तळहातावर घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि परत ठेवायची. "जड हाय. ह्यो बी जडच."

दुकानदार खूश. "मावशींना कळतंय. प्रवासाला हलकाच बरा."

"कसला प्रवास?" मी चिडले. "क्लास होस्टेलच्या समोर आहे. आई, जरा स्क्रीन तरी बघ ना!"

तिनं ऐकलंच नाही. शेवटी वहीसारखा पातळ एक लॅपटॉप ती बराच वेळ धरून राहिली. स्क्रीन एवढीशी, किंमत सगळ्यांत जास्त. म्हणाली, "ह्योच द्या."

रस्त्यानं मी तोंड फुगवून चालत होते.

"तुज्या खाटंवर, उशीच्या बरोबर वर फळी हाय," आई म्हणाली. "काल बघितली मी. समदं तितंच ठिवतीस."

"मग?"

तिनं लॅपटॉपची पिशवी हातात तोलून बघितली. त्र्याण्णवच्या भूकंपात ती नऊ वर्षांची होती. अंगावर कोसळलेल्या माळवदाच्या, त्या जड मातीच्या छताच्या ढिगाऱ्याखालून लोकांनी तिला जिवंत काढलं. शेजारी झोपलेला तिचा भाऊ मात्र गेला.

पुस्तकं खाली काढ, असं ती मला कधीच म्हणाली नसती. संध्याकाळी मीच फळीवरचे सगळे जाड ठोकळे उतरवून खाटेखाली सरकवले.

लॅपटॉप तेवढा वर ठेवला.