सराईतला भिंतबाबा

रिठद गावापासून कोसभरावर, नाल्याकाठच्या जुन्या सराईपुढे त्या गुरुवारी बैलगाड्यांची रांग लागली होती. रिसोडकडून दोन जीपगाड्या माणसांनी गच्च भरून आल्या होत्या. नारळांचा ढीग कमरेएवढा झाला होता आणि गुळावर माश्यांनीही दर्शनाला गर्दी केली होती. साल शहात्तर, फेब्रुवारीचा महिना. ऐन गव्हाच्या कापणीच्या दिवसांत माणसं शेतं सोडून इथं येऊन बसली होती.

सराई म्हणजे चार दगडी कोपरे, चार कमानी आणि वर एकच मोठा घुमट. वाटसरूंनी घडीभर टेकावं म्हणून कोणी तरी कधीकाळी बांधलेली. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून भिंतबाबा बसला होता.

ओट्यावर उभा राहून त्याचा चेला इंद्रभान ओरडत होता, "एकेकानं या! समोरच्या कोपऱ्यात जा, भिंतीले तोंड लावा अन् दुःख हळूच सांगा. जोरानं सांगसान तं देव रुसन! बाकीच्यायनं खाली बसा, तोंडं बंद! बाबाले गोंगाट चालत नाई!"

माणूस जाई, भिंतीशी कुजबुजे. इतकं हळू, की शेजारी उभ्या बायकोलाही ऐकू येऊ नये. आणि पंचवीस हातांवर पाठमोरा बसलेला बाबा मान हलवून म्हणे, "भिंतीनं सांगतलं मले. तुया भाऊ बांधावरून भांडून राह्यला. होय का नाई?"

"होय बाबा!" माणूस थरथरे आणि ओट्याखालची गर्दी हात जोडे.

गर्दीच्या मागे औषधांची पिशवी घेऊन बेबीताई उभी होती. शेलूबाजारच्या बौद्ध घरातली ही मुलगी रिठदच्या उपकेंद्रात नर्सबाई होती. ती आली होती तुळसाबाईला शोधत. तुळसाबाईला टीबी. दिवाळीआधी ती रक्त ओकत होती. चार महिने सुया-गोळ्या घेतल्यावर खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस चढलं. पण औषध दीड वर्षाचं होतं, आणि गेला आठवडाभर ती सुईला फिरकलीच नव्हती.

"मावशी, काहून नाई आल्या?"

तुळसाबाईनं डोळे मोठे केले. "अवो बाई, बाबानं मनातलं वळखलं! म्हने, तुले सुईचा भेव वाटते, अन् तुया लेकीचं पयलं बाळंतपण जवळ आलं. भिंतीबिगर म्या कोणाले सांगतलं नव्हतं! म्हने, भिंतीनं दुखनं ओढून घेतलं, आता गोया नाल्यात टाक. टाकल्या म्या."

"टाकल्या?" बेबीताईनं विचारलं. अर्ध्यात सोडलेला टीबी उलटला की मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. "मावशी, बरं वाटते म्हणजे बरं झालं असं नसते वो!"

"तू पयले जाऊन पाय, मंग बोल."

बेबीताई गेली. भिंतीपुढे उभी राहिली, पण सांगणार काय? राग नाकापर्यंत आलेला. ती दातओठ खात पुटपुटली, "ढेरपोट्या कुठला! लोकायच्या जिवावर उठला, अन् सोता रोज तुपात बुडवून पोया हाणत असन."

तोच भिंतीनं ढेकर दिला.

बेबीताई दचकली. अगदी कानाशी, जणू कोणी खांद्यावर हनुवटी टेकली आहे इतक्या जवळून. क्षणभर तिच्याही अंगावर काटा आला. पाठोपाठ भिंत बोलली, "कोन हाये हे भवानी?"

तिनं गर्रकन वळून पाहिलं. जवळ चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्यात मात्र बाबा उपरणं ओढून ढेरी झाकत होता.

"तुया मनात शंका हाये, बाई!" तो मोठ्यानं गरजला.

"हाये ना," बेबीताई म्हणाली आणि ओटा उतरली. देवाला राग येतो असं तिनं ऐकलं होतं, पण देवाला ढेकर येतो हे काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उकंडराव गवंडी बोटाची जखम बांधायला उपकेंद्रात आला. सत्तरीचा म्हातारा, चुन्यानं हात पांढरे पडलेले. बेबीताईनं सगळं सांगितलं, तसा तो इतका हसला की पट्टी सुटली.

"अवो पोरी, त्या घुमटाले आतून चुना माया बापानं अन् म्याच केला! एका कोपऱ्यात बाप, समोरच्या कोपऱ्यात मी. बापानं हळूच शिवी हासडली, की मले कानात ऐकू ये. मीई मंग एक दिवस हळूच उलटी देल्ली. तवा समजलं, की बापालेई ऐकू येते!"

"मंग आजवर बोलले काहून नाई तुमी?"

म्हातारा जरा ओशाळला. "मले कोनं पुसलं? अन् मी त्या गर्दीत गेलोच नाई."

सोमवारी भर दुपारी दोघं सराईत गेली. बाबा नव्हता, शेळ्या होत्या. शेजारशेजारच्या कोपऱ्यांत उभं राहिलं तर काही नाही. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड केलं की श्वाससुद्धा ऐकू यायचा. बेबीताईनं पुन्हा पुन्हा, दहा वेळा करून पाहिलं. मग तिची खात्री पटली.

गुरुवारी ती पुन्हा रांगेत उभी राहिली आणि भिंतीला म्हणाली, "माई कस्तुरी नावाची म्हैस तीन दिवसांपासून हरपली, देवा."

बाबानं मान डोलावली. "भिंतीनं सांगतलं! तुई कस्तुरी म्हैस मंगरूळच्या वाटेनं गेली. पाच नारळ वाह्य, सापडन."

गर्दीत खसखस पिकली. नर्सबाई एका खोलीत राहते आणि तिच्याकडे कोंबडीसुद्धा नाही, हे सगळ्या रिठदला ठाऊक होतं.

इंद्रभान मात्र हार मानणारा नव्हता. "बाबानं तुया मनातली म्हैस पाह्यली!"

"मंग मनातल्या मंगरुळालेच गेली असन ते," बेबीताई म्हणाली. "मी भिंतीले जे सांगतो, ते बाबाच्या जागेवर बसलेल्या कोणालेई ऐकू येते. बाबा, उठा. दुसऱ्याले बसू द्या."

आता बाबा खरंच उठला. डोळे गरगर फिरवत ओरडला, "खबरदार! माया आसनावर जो बसन, तो रक्त ओकून मरन!"

घुमटातून फक्त त्याचाच आवाज फिरत राहिला. इंद्रभान दोन पावलं मागे सरला. आता कोणीच पुढं येणार नाही, असं बेबीताईला वाटलं.

गर्दीतून तुळसाबाई उठली. पदर खोचत ओटा चढली.

"रक्त तं म्या ओकलंच हाये, बाबा. आता आनखी काय ओकीन?"

आणि ती त्या आसनावर भिंतीकडे तोंड करून बसली. बेबीताई समोरच्या कोपऱ्यात गेली आणि कुजबुजली, "मावशी, लेकीचं लेकरू तुमी मांडीवर घ्यावं असं मले वाटते. दवा सोडू नका."

तुळसाबाई डोळे पुसत वळली. "भिंत नाई वं बोलत. बेबी बोलून राह्यली. जशी कानाशी बसली हाये."

मग काय! रांग उलटी लागली. जो तो बाबाच्या जागेवर बसायला धडपडू लागला. सासू बसली, सुनेनं समोरून कुजबुजून घेतलं. शेवटी इंद्रभान बसला. समोरच्या कोपऱ्यात त्याची बायको चतुराबाई जाऊन उभी राहिली. काय बोलली, ते सगळ्यांना त्याच्याच तोंडून कळलं, कारण तो ताडकन उठून ओरडला, "येतो ना घरी! गहू काय पळून चालला का?"

या हास्यकल्लोळात भिंतबाबा नाल्यानाल्यानं निघून गेला. गूळ तेवढा नेला.

उकंडराव ओट्यावर चढला. बेबीताईनं आणलेली कढई त्यानं हातात धरली आणि तिच्या काठावरून वाटाणा सोडला. वाटाणा तळाशी घसरला आणि समोरच्या काठाकडे चढला.

"हे कढई उलटी केली, का घुमट झाला. चुना घोटून गुळगुळीत केलेला हाये. कोपऱ्यातला आवाज भिंतीवरून वर चढते, घुमटावरून घसरते अन् समोरच्या कोपऱ्यात उतरते. मधात उभ्या मानसाले पत्ताच नाई. ह्या ठगाले उन्हाचा टेकला असताना समजलं असन. बस, तेवढंच त्याचं ग्यान."

"मुद्दाम बांधलं का असं?" कोणी तरी विचारलं.

"ते मले माहीत नाई," म्हातारा म्हणाला. "ज्यानं बांधलं त्याचं नाव बी माहीत नाई. हारतुरे मात्र ढेकर देणाऱ्याले!"

बेबीताईला भाषण येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नवल वाटलं तं वाटू द्या. नवल वाटणं चांगलं हाये. पण हात जोडायच्या आधी उठून समोरच्या कोपऱ्यात जाऊन पाहात जा. कोणी पाहू देत नसन, तं समजा, तिथंच गोम हाये."

तुळसाबाईनं त्याच संध्याकाळी सुई घेतली, तोंड वाकडं करून, पण घेतली. मधल्या खंडामुळे औषध लांबलं. पुढल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिची थुंकी तपासली तेव्हा ती स्वच्छ निघाली. तोवर लेकीचा मुलगा तिच्या मांडीवरून उतरून रांगून, चालून, अंगणात पळायला लागला होता. गावात कोणी पदराआड खोकताना दिसलं की तुळसाबाई तिथंच थांबे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "दुखनं भिंतीले सांगू नका वं! डाक्तरले सांगा, अन् चांगलं जोरानं सांगा!"